चार बाय तीन

गेल्या पावसाळ्यात मी दोन घरं बांधली. दोन्ही कुत्र्यांची. एका घराचे पैसे मिळाले, दुसऱ्यापायी शिव्या. वाडीतल्या पोरांनी तेव्हापासून माझं नाव पाडलंय, 'कुत्र्याचा गवंडी'. अभ्यासवर्गाला जाऊन बसलो तरी मागल्या रांगेतनं कुणीतरी हळूच भुंकतं. भुंकू दे. पण त्यातल्या दोघातिघांनी सरळ तोंडावर विचारलं, आपल्या माणसांच्या डोक्यावर धड पत्रा नाही आणि तू कुत्र्याला घर बांधत बसलास, हे कुठल्या चळवळीत बसतं? तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. मला बोलताना सुचत नाही, लिहिताना थोडंफार सुचतं. म्हणून लिहितोय.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. गिरणी इचलकरंजीच्या बाजूला आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. आठ तास फ्रेमच्या दोन रांगांमधून येरझाऱ्या घालायच्या, तुटला धागा की जोडायचा. लाकडाचं काम हे माझं वरचं काम. ते चुलत्यानं शिकवलं. चुलता जातीनं सुतार नाही, आपल्यातलाच. पण इमारतींवर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकता ठोकता हातात रंधा आला आणि मग सुटला नाही. गुण्या लावल्याशिवाय खिळा मारू नको, हे त्याचं एकच तत्त्वज्ञान. सुट्टीच्या दिवशी वाडीत कुणाचं दार, कुणाची मांडणी असं करत करत माझाही हात बसला.

हे गिरणीतल्या एका साहेबाला कळलं. त्यांनी बोलावून सांगितलं, आमच्या टायगरला घर पाहिजे. टायगर म्हणजे अल्सेशियन. गेटपासून ओट्यापर्यंत मोकळा फिरणारा. मी हो म्हटलं. साहेबाला नाही म्हणायचं असतं हे मला अजून जमत नाही, आणि पैसे हवे होते हेही खरं.

पहिल्या रविवारी माप घेतलं. कुत्र्याच्या घराचं माप कुत्र्याच्या अंगावरनं घ्यावं लागतं, हे मला आधी माहीत नव्हतं. मोबाईलवर बघून गेलो होतो. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची. त्याला आत उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरून बसता आलं पाहिजे, पाय ताणून पडता आलं पाहिजे. पण फार मोठं करायचं नाही. मोठं केलं की थंडीत त्याच्या अंगाची ऊब आत धरत नाही. टायगर शहाण्यासारखा उभा राहिला. टेप त्याच्या पाठीवर ठेवली तर मान वळवून टेप हुंगली, मग माझं मनगट हुंगलं, मग एकदा चाटलं. चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच, असं ठरलं.

फळ्या मशीनच्या खोक्यांच्या होत्या, साहेबांनीच दिल्या. पांढरं हलकं लाकूड. रंधा मारला की मऊ होतं, पण पाणी पितं. म्हणून तळाला चार विटांवर उचललं, जमीन आणि फळी यांच्यात चार बोटं हवा ठेवली. छताचा उतार मागच्या बाजूला. पत्रा पुढं हातभर काढला, पागोळी दारात पडू नये म्हणून. वरच्या फळीखाली दोन्हीकडं तीन तीन भोकं, वाऱ्याला. छत बिजागरीवर ठेवलं, वर उचललं की आत झाडू मारता येतो. आतून रंग दिला नाही, कुत्रं चाटतं. बाहेरून एक हात तेलाचा. खिळ्यांची टोकं आत आली होती ती एकेक करून वाकवून लाकडात दाबली. हे सगळं सविस्तर का सांगतो, तर काम चांगलं झालं होतं. ते मला सांगायचंय. माझ्या कवितेबद्दल मी एवढ्या खात्रीनं बोलू शकत नाही.

त्याच दिवशी बंगल्याच्या कंपाउंडला गिलावा करायला एक गवंडी आला होता. अकरा वाजता चहा आला. त्याला कपबशी, मला कागदी कप. मॅडम वाईट नव्हत्या, साखर बरोबर आहे का विचारलं. बिस्किटंही दोघांना सारखीच. मी कप हातात फिरवून बघितला. माझ्या आज्याच्या वेळी करवंटी होती. बापाच्या वेळी हॉटेलच्या मागं ठेवलेला कान तुटका कप. आता कागदी. प्रगती आहे, निदान नवा तरी असतो. टायगरचं भांडं स्टीलचं होतं, त्यावर त्याचं नाव कोरलेलं.

माझा पणजा मुंबईला गिरणीत होता. सूत कातायच्या खात्यात. विणायच्या खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला कसा चालेल? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या समोर मांडला होता. म्हणजे पणज्यापासून माझ्यापर्यंत भांडण तोंडाचंच आहे. कागदी कप चहाच्या वाफेनं मऊ पडत चालला होता तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. पण चहा प्यालो. मग ठोकायला लागलो.

दुसऱ्या रविवारी छत बसवलं आणि दुपारी पाऊस आला. आमच्याकडचा आषाढातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आला की विचारत नाही. मी हातोडी टाकून ओट्याकडं पळालो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तर दारातनं मॅडम म्हणाल्या, "अरे थांब थांब, आत्ताच फरशी पुसलीय."

खोटं नव्हतं. फरशी ओलीच होती. माझ्या पायाला चिखल होता. पण टायगर त्याच फरशीवर उभा होता आणि त्याच्याही पायाला तोच चिखल होता.

झाड नाही, आडोसा नाही. गवंडी त्या दिवशी आला नव्हता. अंगावर पाऊस सपासप पडत होता. मी मागं वळलो आणि त्या घरात शिरलो. चार बाय तीनच्या. गुडघे छातीशी घेऊन, मान वाकवून बसलो.

आता तुम्हाला वाटेल की मला लगेच संताप आला. नाही आला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी वर बघितलं. पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की कान फुटावेत, आणि आत एक थेंब नाही. मी सांध्यावरनं बोट फिरवलं. कोरडा. कोपऱ्यावरनं फिरवलं. कोरडा. वा रे पठ्ठ्या, असं मी स्वतःला म्हटलं. आमच्या खोलीत पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी मांडावी लागतात, आई रात्रीतनं दोनदा अंथरूण सरकवते. आणि मी इथं बसलोय, अंगावर शितोडासुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा मी न गळणाऱ्या छपराखाली पाऊस ऐकत होतो आणि ते छप्पर माझ्या हातचं होतं.

दुसरी गोष्ट नंतर कळली, जेव्हा समोर बघितलं. ओट्यावर टायगर उभा होता आणि माझ्याकडं टक लावून बघत होता. त्याच्या शेजारी साहेबांची मुलगी, दहाएक वर्षांची. ती खुदकन हसली. तिच्या हातात मोबाईल होता.

फोटो तिनं काढला. पुढं कुणी पाठवला मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी तो गिरणीतल्या सगळ्यांच्या मोबाईलवर होता. कुत्र्याच्या घरातनं माझं डोकं बाहेर आलेलं, केस भिजलेले. खाली लिहिलेलं, 'साहेबांचा नवा राखणदार'. दीड हजार रुपये मला मिळाले, ठरल्याप्रमाणे. साहेबांनी पाठ थोपटली. फोटोबद्दल ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. खात्यात मात्र फ्रेमच्या आवाजातसुद्धा भुंकणं ऐकू येतं, हे मला तेव्हा समजलं.

वाडीत फोटो आला तेव्हा पोरं पेटली. केस घाला म्हणाले. १९८९ चा कायदा आहे, कशासाठी आहे? मी विचारलं, कलम कुठलं लावणार, फरशी पुसल्याचं? मला आत जा असं कुणी म्हटलं नव्हतं. मी माझ्या पायानं गेलो होतो. त्यावर आमच्यातला एक वकिलीला असलेला मित्र म्हणाला, "भावा, हेच तर त्यांचं कसब आहे. त्यांना सांगावं लागत नाही, आपण आपल्या पायानं जातो." ह्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. अजून नाही. केस घातली नाही. भ्यालो का? नोकरीची भीती होती, कशाला लपवू. पण नुसती भीतीही नव्हती. त्या फोटोतला मी जेव्हा वर बघून हसत होतो, तेव्हा कशाला हसत होतो हे मी कोर्टाला कसं सांगणार होतो?

केस नाही घातली, कविता लिहिली. तिसरी पाळी करून आलो, झोप नाही, बावीस ओळी एका दमात उतरल्या. त्यात कुत्रा होता. गादीवरचा कुत्रा, बिस्किटं खाणारा कुत्रा, मालकाचे पाय चाटणारा, जिभेची लाळ गाळणारा, लाथ घातली पाहिजे असा कुत्रा. रविवारी विहारात वाचली. टाळ्या पडल्या. एका दादांनी, ज्यांचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, पाठीवर हात ठेवून म्हटलं, आता तुला सूर सापडला.

त्या आठवड्यात मी दुसऱ्या पाळीला होतो. रात्री बारा वाजता सुटी. हमरस्त्यावर उतरून वाडीपर्यंत दीड किलोमीटर अंधारातनं चालत यावं लागतं. वाटेत दोन मळे, एक ओढा आणि गावातली एक आळी. त्या आळीत पूर्वी आपल्या पोरांना अडवून मारलेलं आहे. मोडावर रोज राणी येऊन बसलेली असते. राणी म्हणजे वाडीची कुत्री, तांबडी, एक कान चिरलेला. तिला कुणी पाळलेली नाही. मी डब्यातला भाकरीचा तुकडा ठेवतो तेवढाच आमचा व्यवहार. ती पुढं चालते, मी मागं. आळी आली की ती थांबते, मी जवळ आलो की पुन्हा चालायला लागते.

त्या सोमवारी रात्रीही ती होती. नेहमीसारखी आली, माझे पाय हुंगले, पुढं चालायला लागली. आणि मला वाटलं, काल तीस माणसांसमोर मी हिच्या सगळ्या जातीला लाथ घातली, आणि टाळ्या घेतल्या.

मित्रांनो, आपल्या कविता काढून बघा. माझ्या बघा, तुमच्याही बघा. कुत्रा दिसला की शिवी. दलाल म्हणजे कुत्रा, पोलीस म्हणजे कुत्रा, पुढाऱ्याच्या मागं फिरणारा म्हणजे कुत्रा. हे आपल्याला शिकवलं कुणी? मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, दागिने लोखंडाचे, आणि त्यांची धनदौलत काय, तर कुत्री आणि गाढवं. म्हणजे मनूनं आपल्याला आणि कुत्र्याला एकाच ओळीत बाहेर काढलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जळालं. आणि आपण काय करतो, त्या ओळीतनं आपण एकटे बाहेर पडतो आणि पडता पडता शेजारच्याला लाथ मारतो.

चवदार तळ्याचंही तसंच. गुरंढोरं, कुत्री तिथं पाणी पीत होती, आपल्याला बंदी होती, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. खरंच आहे. १९३१ साली बाबासाहेबांनी गांधींनाही तोंडावर सांगितलं होतं की इथं आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षा हलकं वागवतात. पण बाबासाहेबांची तक्रार माणसांवर होती. २० मार्च १९२७ ला आपली माणसं पाणी प्यायली आणि नंतर तळं शुद्ध करायला एकशे आठ घागरी ओतल्या. जनावरं प्यायली तेव्हा कुणी घागर उचलली नव्हती. ह्यात जनावरांचा गुन्हा काय? त्यांना तहान लागली, ती प्यायली.

राजगृहातला तो फोटो तुम्ही बघितला असेल, फेब्रुवारी १९३४ चा. बाबासाहेब बसलेत, रमाई आहे, यशवंतराव, मुकुंदराव, लक्ष्मीबाई. आणि एक कुत्रा आहे. टॉबी. बाबासाहेबांचा लाडका. आपण तो फोटो भिंतीवर लावतो, हार घालतो, आणि टॉबीकडं कुणी बघत नाही. पुढच्याच वर्षी रमाई गेली. त्या घरातल्या थोड्या सुखाच्या दिवसांतला तो फोटो, आणि त्यात बाबासाहेबांनी कुत्र्याला बाहेर काढलेलं नाही.

मी ती बावीस ओळींची कविता फाडली. दादांना अजून सांगितलेलं नाही, इथंच कळेल त्यांना.

राणी गाभण होती. आदल्या वर्षी ती नाल्याच्या पाईपात व्याली होती आणि एका रात्रीच्या पावसात सगळी पिलं वाहून गेली. ती चार दिवस पाईपाच्या तोंडाशी बसून होती. मी हिशोब केला. कुत्रीचे दिवस दोन महिन्यांचे असतात, म्हणजे ऐन श्रावणात पुन्हा तेच. म्हणून दुसरं घर.

पहिला विरोध आजीचा. आजीला कुत्री आवडत नाहीत, आणि तिला कारण आहे. तिच्या डाव्या पोटरीवर दातांचा वण आहे. लहान असताना ती बापाबरोबर गावात भाकरी मागायला जायची, तराळकीची पाळी त्यांची होती. एका वाड्याच्या दारात कुत्र्यानं धरलं. मालक ओट्यावर होता, त्यानं हाक मारली नाही. मग बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. आता दंडात घेतात, तेव्हा पोटात देत होते. आजी म्हणते, "गावातल्या मानसावर गावची कुत्री भुंकायची न्हाईत. आमी वेशीत पाय ठिवला की भुंकायची. कुत्र्यास्नी कुनी सांगितलं रं, ह्यो महार हाय म्हून?"

हे मी कधीच विसरणार नाही. आपण शाळेत, हॉटेलात, गिरणीत जात शोधतो. आजीनं ती कुत्र्याच्या नाकात बघितलेली आहे. मी म्हटलं, "आजी, त्याला घरच्यांनी शिकवलं असणार." ती म्हणाली, "शिकवलं आसंल. पर चावलं कोन? तुज्या आज्ज्यानं तर चावलं न्हाई न्हवं?"

ह्यावर मी गप्प बसलो.

घर कुठं ठेवायचं ह्यावरनं दुसरं भांडण. विहाराच्या मागच्या भिंतीला पूर्वेकडं उंचवटा आहे, तिथं पाणी साचत नाही. मंडळाची बैठक बसली. विहाराला कुत्र्याचं खुराडं चिकटवणार का, असा ठरावच आला. जाता जाता एक सांगतो. आपल्या भाषेत गुरांना गोठा आहे, कोंबड्यांना खुराडं, कबुतरांना ढाबळ, घोड्याला तबेला. कुत्र्याच्या घराला शब्द नाही. श्वानगृह म्हणतात ते सरकारी. लोकांच्या तोंडात शब्द नाही, कारण कुत्र्यानं राखायचं दार दुसऱ्याचं, झोपायचं उकिरड्यावर. आम्ही गाव राखायचो आणि वेशीबाहेर झोपायचो. फरक एवढाच की आमच्या जागेला शब्द होता.

बैठकीत एकजण म्हणाला, ह्याला फोटो कमी पडला का, आता सगळ्या वाडीलाच कुत्रं करून घेणार. तो माझा शत्रू नाही, मोर्चात माझ्या शेजारी असतो. म्हणून लागलं. तेव्हा आमच्यातले एक बौद्धाचार्य, एरवी फारसे न बोलणारे, त्यांनी मज्झिम निकायातलं कुक्कुरवतिक सुत्त सांगितलं. सेनिय नावाचा एक नागवा साधू होता. कुत्र्याचं व्रत घेतलेला. जमिनीवर टाकलेलं खायचा, कुत्र्यासारखा अंगाचं वेटोळं करून बसायचा. त्याच्या सोबत्यानं बुद्धाला विचारलं, ह्याला पुढं काय गती? बुद्धानं सांगायला नको म्हटलं. फार आग्रह झाल्यावर सांगितलं, हे व्रत पुरं झालं तर हा कुत्र्यांत जाईल, आणि ह्यानं मी देव होईन असा समज धरला असेल तर तो समज खोटा. सेनिय रडला. मग संघात आला. बौद्धाचार्य म्हणाले, "त्याला व्रत सोडायला लावलं. कुत्र्यांना हाकलून द्या असं त्यात कुठं नाही."

ठराव पडला असं नाही. पुढच्या बैठकीवर ढकलला. तोवर मी घर ठेवून दिलं.

ह्या वेळी पैसे नव्हते, म्हणून जे मिळालं त्याचं केलं. पाडलेल्या संडासाचं जुनं दार, बाजारातनं टोमॅटोच्या पेट्या, विटा ओढ्याकाठच्या. मशीनच्या लाकडाची सर नाही. पेटीच्या पट्ट्या पातळ, खिळा मारला की उभ्या चिरतात, म्हणून आधी बारीक भोक पाडून मग खिळा. गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं एक युक्ती सांगितली. आतल्या भिंतींना तळापासून चार बोटं वर आणि चार बोटं पुढं आडवी पट्टी ठोकायची, म्हणजे आई भिंतीला टेकून पडली तरी मागं अडकलेलं पिलू दबून मरत नाही. उंबरा वीतभर ठेवला, पिलांना ओलांडता येणार नाही, तिला येईल. आतून चुना मारला, गोचिडाला बरा. अंथरायला गिरणीतला सुताचा कचरा आणावा असं आधी डोक्यात होतं. मऊ असतो, ऊब असते. पण तो धागा पिलांच्या पायाला गुंडाळतो, पोटात जातो. पोती अंथरली.

छताला पत्रा एकच मिळाला, गंजका, भोकं पडलेला. वर टाकायला फ्लेक्स लागत होता. जयंतीचे फ्लेक्स होते, पण ते कुणी वापरू देणार नाही आणि मीही वापरणार नाही. निवडणुकीतला एक होता. ज्यांनी वाडीला घरकुलं देतो म्हणून सांगितलं होतं आणि मग परत फिरकले नाहीत, त्या पुढाऱ्याचा. बारा फुटी. दुमडून पालथा टाकला, तोंड खाली. पाणी थेंबभर येत नाही. शब्द दिला तो तेवढा तरी खरा झाला.

दार मी पश्चिमेला ठेवलं होतं, वाटेकडं, येता जाता दिसेल म्हणून. आजी काठी टेकत आली. बराच वेळ उभी राहिली. घराकडं बघितलं नाही, आभाळाकडं बघितलं. मग म्हणाली, "पाऊस कुठनं येतोय ते तरी बघायचं. उगवतीला दार कर. आमची खोपटं काय आमी अशीच घालत हुतो व्हय?" आणि गेली. मी सगळं फिरवून बसवलं.

राणी त्यात गेली नाही. पंधरा दिवस तिनं त्या घराकडं ढुंकून बघितलं नाही. भाकरी आत ठेवली तर मान लांब करून भाकरी घ्यायची आणि बाहेर. शेवटी हातगाड्याखाली व्याली. पाच पिलं. त्याच रात्री पाऊस. मी पाळीवरनं आलो तेव्हा साडेबारा वाजले होते, गाड्याखालनं पाण्याचा ओहोळ चाललेला. मोडावर ती आली नव्हती तेव्हाच मी ओळखलं. दोन पोरं उठवली. त्यातला एक बैठकीत माझ्यावर बोलला होता तोच. बॅटरी धरून त्यानं एकेक पिलू शर्टात घातलं, आणि मी राणीला बोलत राहिलो, काय बोललो आठवत नाही. ती गुरगुरली. पिलं आत ठेवली. ती आली, एकाला मानेला धरून उचललं आणि परत गाड्याखाली नेऊन ठेवलं. आम्ही परत आणलं. तिनं परत नेलं. तिसऱ्या खेपेला ती आत शिरली, गोल फिरली, आणि पडली. पट्टीपाशी एक पिलू होतं. दबलं नाही.

चार जगली. एक चौथ्या दिवशी गेलं, कशानं कळलं नाही. दोन मळ्यात गेली, एक ट्रकवाल्यानं नेलं, एक वाडीत आहे. राणीचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे, तालुक्याला गाडी कशी न्यायची एवढंच अडलंय. तिच्या कानाला चीर आहे म्हणून एकजण म्हणाला की ऑपरेशन झालंय. झालं असतं तर पिलं कुठनं आली? असे आपले कार्यकर्ते. घरात आता एक कोंबडी अंड्यावर बसलीय. ठराव अजून पुढच्या बैठकीवरच आहे.

आणि साहेबांची बदली झाली. टायगरला ते घेऊन गेले, घर राहिलं. वॉचमननं सांगितलं की टायगर त्यात एक दिवसही झोपला नाही, ओट्यावरच झोपायचा. त्यानं मला विचारलं, नेणार असशील तर ने, नाही तर मी फोडून जाळतो. टेम्पोवाल्यानं चारशे घेतले. वाडीत उतरवलं तेव्हा पोरं गोळा झाली. वकिलीचा मित्र म्हणाला, हा पुरावा आहे, जपून ठेव. दुसरा म्हणाला, जाळून टाक, होळी करू. मी आमच्या खोलीच्या मागं विटांवर ठेवलं. आजीनं त्यात अंघोळीच्या चुलीचं जळण भरलंय. पावसाळाभर तिचं लाकूड कधी ओलं झालं नाही. छत उचलून ती लाकूड काढते आणि बिजागरी करकरली की मला तेल घालायला सांगते.

परवा पहिल्या पाळीला डॉफिंगच्या वेळी मागनं एकजण भुंकला. वर्ष होत आलं तरी चालूच आहे. मी खिशातनं टेप काढली, ती माझ्याजवळ असतेच. त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "उभा रहा सरळ. नाकापासून शेपटीपर्यंत माप घेऊ दे. काम चांगलं करतो मी, गळत नाही."

तो हसला नाही. बाजूचे हसले. तेवढ्यात सहा नंबरच्या फ्रेमवर धागे तुटायला लागले आणि आम्ही दोघंही तिकडं पळालो.